पियानो, विद्यार्थी आणि स्पर्धा : तीनशे वर्षांचा प्रवास



पियानोच्या क्लासला मूल जायला लागलं की वर्षाच्या आत घरात दोन प्रश्न निघतात. परीक्षा कधी? आणि स्पर्धा कधी? त्यांचं उत्तर खरं तर क्लासच्या सरांनी किंवा बाईंनी द्यायचं असतं. पण इतिहासाकडेही या प्रश्नांबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पियानो तीनशे वर्षांचा आहे आणि आज आपण ज्याला आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धा म्हणतो, ती जेमतेम सव्वाशे वर्षांची. म्हणजे बाख, मोझार्ट, बेथोव्हन, शोपँ यांतला एकही जण अशा स्पर्धेत उतरलेला नाही. मग या स्पर्धा आल्या कुठून, कोणाला हव्या होत्या आणि त्यांनी शिकणाऱ्या मुलांचं काय केलं, हे आज आपण क्रमाने पाहू.

आधी वाद्य

सुरुवात वाद्यापासून करू. इटलीत फ्लॉरेन्सला मेडिची घराण्याच्या दरबारी बार्तोलोमेओ क्रिस्टोफोरी नावाचा वाद्यांचा कारागीर होता. १७०० साली केलेल्या दरबारी वाद्यांच्या यादीत त्याच्या एका नव्या वाद्याची नोंद सापडते. हे वाद्य हळूही वाजतं आणि जोरातही, असं तिचं वैशिष्ट्य. हळू म्हणजे इटालियनमध्ये ‘पियानो’ आणि जोरात म्हणजे ‘फोर्टे’. नाव तिथूनच पडलं. क्रिस्टोफोरीने बनवलेले तीन पियानो आजही न्यूयॉर्क, रोम आणि लाइपझिग इथल्या संग्रहालयांत आहेत.

त्याआधी हार्पसिकॉर्ड होतं. त्यात पट्टी दाबली की आत एक छोटी नखी तार छेडते. तुम्ही पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात दाबा, आवाज जवळपास सारखाच. क्रिस्टोफोरीने नखीच्या जागी हातोडी आणली. ऐकायला सोपं वाटतं, पण अडचण अशी की हातोडी तारेवर आदळून तिथेच टेकून राहिली तर सूर घुसमटतो. बोट पट्टीवर असतानाच हातोडी मागे पडायला हवी. त्याने ती यंत्रणा बसवली. पुढे १८२१ मध्ये पॅरिसच्या सेबास्तियाँ एरारने त्यात सुधारणा केली आणि पट्टी पूर्ण वर न येताही तोच सूर पुन्हा पुन्हा वाजवणं शक्य झालं. मग लोखंडी चौकट आली, तारांचा ताण वाढला, आवाज मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचू लागला. आजच्या पियानोला ८८ पट्ट्या आणि दोनशेहून जास्त तारा असतात.

आपल्या मुलांना हे सांगताना हार्मोनियमचं उदाहरण फार उपयोगी पडतं, बरं का. पेटीचा भाता चालू आहे तोवर सूर टिकतो. पियानोचा सूर उमटल्या क्षणापासून विरायला लागतो. त्याला टिकवता येत नाही, त्याच्यावर मींड घेता येत नाही. तरीही विरणाऱ्या सुरांना एकापुढे एक असं ठेवायचं की ऐकणाऱ्याला वाटावं, कोणीतरी गातंय. पियानोवादकाची सगळी साधना त्यासाठीच चालते. मुलाला पहिल्या दिवशी पियानोचं झाकण उघडून हातोडी दाखवा, एक सूर वाजवा आणि तो पूर्ण विरेपर्यंत गप्प बसून ऐकायला सांगा. पहिला धडा तिथेच झाला.

मुलांसाठी लिहिलेलं संगीत

दुसरी गोष्ट. मोठमोठ्या संगीतकारांनी अगदी लहान मुलांसाठी लिहिलं आहे आणि बहुतेकांनी ते स्वतःच्या घरातल्या मुलांसाठी लिहिलं. बाखने १७२० मध्ये थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान याच्यासाठी वही सुरू केली, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. रॉबर्ट शूमानने १८४८ मध्ये ‘मुलांसाठी अल्बम’ लिहिला. त्याची सुरुवात थोरली मुलगी मारी हिच्या सातव्या वाढदिवसासाठी लिहिलेल्या छोट्या रचनांनी झाली. चायकोव्हस्कीने १८७८ मध्ये शूमानच्या वाटेने जात आपला अल्बम लिहिला. आणि हंगेरीच्या बेला बार्टोकने १९२६ ते १९३९ या काळात ‘मिक्रोकॉसमॉस’ नावाच्या १५३ रचना केल्या. पहिली रचना म्हणजे दोन्ही हातांनी एकच साधी ओळ, आणि शेवटची मैफिलीत वाजवण्याच्या तोडीची. पहिले दोन भाग त्याने आपल्या पीटर या मुलासाठी लिहिले.

बार्टोकचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

द्वंद्व आणि स्पर्धा यांतला फरक

आता स्पर्धेकडे येऊ. चुरस तर माणसात पहिल्यापासून असते. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे फड रंगायचे. एका बाजूने शाहिराने कूट घालायचं, दुसऱ्याने ते सोडवायचं आणि लोकांनी रात्रभर ऐकायचं. युरोपातल्या दरबारांतही असंच होतं. २४ डिसेंबर १७८१ ला व्हिएन्नात सम्राट दुसऱ्या जोसेफने मोझार्ट आणि क्लेमेंटी यांना समोरासमोर बसवलं. दोघांनी वाजवलं, कोणी हरलं नाही. मोझार्टने मात्र नंतर घरी लिहिलेल्या पत्रात क्लेमेंटीला निव्वळ यांत्रिक वादक ठरवलं. १८३७ मध्ये पॅरिसला राजकन्या बेलजोयोसो यांच्या दिवाणखान्यात लिस्ट आणि थालबर्ग यांचा सामना झाला. तिकिटाचे पैसे इटलीतून परागंदा झालेल्यांच्या मदतीसाठी होते. तिथेही दोघेही मानाने घरी गेले.

हे झाले फड. स्पर्धा वेगळी. स्पर्धेला नियम लागतात, वयाची अट लागते, ठरलेल्या रचना लागतात, परीक्षक लागतात आणि शेवटी एक यादी लागते. अशी पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली थोर रशियन पियानोवादक अंतोन रुबिनस्टाइन यांनी, १८९० मध्ये, सेंट पीटर्सबर्गला. दर पाच वर्षांनी भरायची, वय २० ते २६, आणि फक्त पुरुषांसाठी. क्लारा शूमान तेव्हा हयात होत्या, साऱ्या युरोपात मान्यता पावलेल्या होत्या, आणि नवी स्पर्धा स्त्रियांना दारही उघडत नव्हती. हे विसरू नये.

१९०५ मध्ये ही स्पर्धा पॅरिसला झाली. पहिला आला विल्हेल्म बाकहाउस. दुसऱ्या क्रमांकावर राहिलेला २४ वर्षांचा तरुण होता बेला बार्टोक. म्हणजे बघा, ज्याने पुढे जगभरच्या मुलांच्या हाती पियानोची पहिली पायरी ठेवली, तो स्पर्धेत दुसरा आला होता. बाकहाउसही फार मोठा वादक झाला, त्याचं माप काढण्याचा हेतू नाही. पण त्या दिवशीच्या यादीला यांतलं काहीच दिसत नव्हतं, आणि दिसणारही नव्हतं.

वॉर्सा : एका देशाची गरज

आज जिला सगळ्यात जास्त मान आहे ती वॉर्साची शोपँ स्पर्धा. तिचा जन्म समजून घेतला की स्पर्धा कोणाला हव्या होत्या, हे कळतं. पोलंड हा देश १७९५ ते १९१८ अशी १२३ वर्षं नकाशावर नव्हता. शोपँ हा त्या नसलेल्या देशाचा आवाज होता. पण पहिल्या महायुद्धानंतर देश मिळाला आणि तरुण पिढीला शोपँ जुनाट, रडका वाटायला लागला. येझी झुरावलेव नावाचे पियानोचे एक शिक्षक होते. त्यांनी पाहिलं की ही मुलं खेळाच्या मैदानावर जीव टाकतात. मग संगीतालाच मैदानाचं रूप दिलं तर? या विचारातून जानेवारी १९२७ मध्ये पहिली स्पर्धा भरली. नियम एकच आणि आजही तोच : फक्त शोपँ वाजवायचा.

८ देशांतून २६ जण आले. जिंकला सोव्हिएत संघाचा १९ वर्षांचा लेव ओबोरिन. त्याच्याच सोबत आलेला २० वर्षांचा दिमित्री शोस्ताकोविच पोटदुखीने हैराण होता, त्याला अपेंडिक्सचा त्रास होता. त्याला नुसतं मानपत्र मिळालं. पुढे विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या संगीतकारांत त्याची गणना झाली.

१९३७ पर्यंत तीन स्पर्धा झाल्या आणि मग युद्ध. नाझींच्या ताब्यातल्या वॉर्सात जाहीरपणे शोपँ वाजवायला बंदी होती. फिलहार्मनिकचं सभागृह १९३९ च्या बाँबफेकीतच उद्ध्वस्त झालं होतं. १९४९ मध्ये, शोपँच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली त्या वर्षी, भग्न शहरात दुसऱ्या एका इमारतीत स्पर्धा पुन्हा भरली. पहिला क्रमांक दोघींना विभागून मिळाला : पोलंडची हालिना चेर्नी-स्टेफान्स्का आणि सोव्हिएत संघाची बेला दाविदोविच. १८९० मध्ये जिथे स्त्रीला बसायलाच बंदी होती, तिथपासून हा प्रवास. १९५५ मध्ये फिलहार्मनिकचं सभागृह पुन्हा बांधून उघडलं आणि पाचवी स्पर्धा तिथे झाली. एखाद्या शहराला आपण जिवंत आहोत हे सांगायचं असेल तर ते असंही सांगतं.

मॉस्को १९५८

ब्रसेल्समध्ये १९३८ साली आजच्या राणी एलिझाबेथ स्पर्धेची पूर्वज स्पर्धा झाली. तिथे एमिल गिलेल्स पहिला आला. तोवर सोव्हिएत सरकारच्या लक्षात आलं होतं की पियानो हाही देशाची ताकद दाखवण्याचा मार्ग आहे. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये स्पुटनिक अवकाशात गेला आणि त्यानंतर काही महिन्यांतच मॉस्कोत पहिली चायकोव्हस्की स्पर्धा भरली. बक्षीस घरातच राहील, असाच सगळ्यांचा समज होता.

तिथे आला टेक्सासचा उंच, लाजाळू, २३ वर्षांचा व्हॅन क्लायबर्न. तीन वर्षांचा असल्यापासून त्याला शिकवलं होतं त्याच्या आईने, रिल्डिया बी यांनी. त्या स्वतः लिस्टच्या शिष्याच्या शिष्या. न्यूयॉर्कला त्याच्या गुरू होत्या रशियातून आलेल्या रोझिना लेविन. म्हणजे शीतयुद्धात अमेरिकेचा म्हणून जो ओळखला गेला, त्याचं वादन निम्मं रशियनच होतं! अंतिम फेरीत त्याने चायकोव्हस्कीचा पहिला आणि रखमानिनोव्हचा तिसरा कॉन्चेर्टो वाजवला. प्रेक्षक उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. परीक्षकांचे अध्यक्ष होते तेच गिलेल्स. अमेरिकन माणसाला बक्षीस द्यायचं का, हा प्रश्न थेट ख्रुश्चेव्ह यांच्यापर्यंत गेला, आणि तो सर्वोत्तम असेल तर द्या, असा त्यांचा कौल आला, असं सांगतात. न्यूयॉर्कमध्ये क्लायबर्नची मिरवणूक निघाली.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी जण सांगतात. क्लायबर्नला लोक त्याच त्या रचना वाजवायला सांगत राहिले. ज्या वयात वादकाने शिकायचं, चुकायचं, नवं धुंडाळायचं, त्या वयात तो विजेता म्हणून फिरत राहिला. १९७८ मध्ये, चाळिशीतच, त्याने जाहीर कार्यक्रम थांबवले आणि बरीच वर्षं तो मंचावर आला नाही.

त्याच स्पर्धेत दुसरं बक्षीस विभागून मिळालेला चीनचा ल्यू शिखुन मायदेशी परतला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्याला तुरुंगात टाकलं, मारहाण झाली, हाताचं हाड मोडलं. गुन्हा काय, तर पाश्चात्त्य संगीत. ज्या बक्षिसाने देशाची मान उंचावली, तेच बक्षीस काही वर्षांत त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरलं. देशाच्या अभिमानासाठी कलावंताला घोडा केलं की असं होतं. राज्यकर्ते बदलले की आधी घोड्यालाच मार बसतो.

कागदावरच्या पट्ट्या

१९८० सालची शोपँ स्पर्धा गाजली ती एका वादामुळे. युगोस्लाव्हियाच्या इवो पोगोरेलिचला परीक्षकांनी अंतिम फेरीत घेतलं नाही. १९६५ ची विजेती मार्था आर्गेरिच तेव्हा परीक्षक होती, ती राजीनामा देऊन निघून गेली. वर्तमानपत्रांना तेवढंच पुरलं. पण त्या वर्षीचा विजेता आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. व्हिएतनामचा डांग थाई सॉन. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला आशियाई.

त्याची आई थाई थी लिएन हनोईच्या संगीतशाळेच्या संस्थापकांपैकी एक. अमेरिकन बाँबफेक सुरू झाली तेव्हा शाळा खेड्यात हलवावी लागली. पियानो म्हशी जुंपलेल्या गाडीवरून नेला, असं सांगतात. पियानो एखादा, विद्यार्थी पुष्कळ. वाट्याला येणारा वेळ थोडा, म्हणून उरलेला वेळ कागदावर काढलेल्या पट्ट्यांवर बोटं फिरवायची. १९७० मध्ये आईला शोपँ स्पर्धेचं पाहुणी म्हणून निमंत्रण आलं. परत येताना तिने शोपँच्या संगीताची पुस्तकं आणि ध्वनिमुद्रणं आणली. मुलाने ती ऐकली आणि दहा वर्षांनी तो स्वतः वॉर्सात उभा राहिला.

यात शिकण्यासारखं काय, तर स्पर्धा त्या घरात पहिल्यांदा ऐकण्याच्या रूपाने आली. उतरण्याच्या रूपाने ती बरीच नंतर आली. आणि गोष्ट तिथे संपत नाही. डांग थाई सॉन पुढे शिक्षक झाला. २०२१ च्या शोपँ स्पर्धेचा विजेता ब्रूस लिऊ त्याचाच विद्यार्थी.

लीड्सच्या बाई

मुलांना शिकवणाऱ्यांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावं : फॅनी वॉटरमन. इंग्लंडमधल्या लीड्स या गिरण्यांच्या शहरात त्या पियानो शिकवत. मॅरियन हेअरवुड यांच्यासोबत त्यांनी १९६३ मध्ये लीड्स स्पर्धा सुरू केली. ती लंडनला का नाही, असं तेव्हा विचारणारे कमी नव्हते. राडू लुपु आणि मरे पेराहिया यांच्यासारखे विजेते या स्पर्धेने दिले. त्याच दोघींनी नवशिक्या मुलांसाठी पियानोची पुस्तकंही तयार केली आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्यांवर शिकली. जगातल्या सर्वोत्तम वादकाला निवडणारी बाई सकाळी सात वर्षांच्या मुलाचं बोट धरून ‘हा मध्य सा’ म्हणावं तसं मधला सी दाखवत होती. दोन्ही कामं एकाच टोकाची नाहीत, पण एकाच दोरीची आहेत.

हाताची किंमत

आता जरा कठीण बोलतो. रॉबर्ट शूमानला पियानोवादक व्हायचं होतं. तरुणपणीच उजव्या हाताचं बोट निकामी झालं आणि ते स्वप्न संपलं. लिऑन फ्लायशर १९५२ ची ब्रसेल्सची स्पर्धा जिंकला आणि साठीच्या दशकात त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळायला लागली. कित्येक वर्षं तो फक्त डाव्या हाताच्या रचना वाजवत राहिला, शिकवत राहिला. या दुखण्याची कारणं गुंतागुंतीची असतात, सगळा दोष सरावावर टाकता येणार नाही. पण मूल ‘हात दुखतो’ म्हणालं तर ‘अजून एकदा वाजव’ हे उत्तर कधीही असू नये. स्पर्धा पुढच्या वर्षी पुन्हा येते, हात पुन्हा येत नाही.

दुसऱ्या वाटेनेही मोठं होता येतं. येवगेनी किसिन बारा वर्षांचा असताना, १९८४ मध्ये, मॉस्कोत शोपँचे दोन्ही कॉन्चेर्टो वाजवून जगापुढे आला. कोणतीही मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून तो पुढे आलेला नाही. सहाव्या वर्षापासून त्याला एकच गुरू लाभल्या, आना कांतोर. उलट दक्षिण कोरियाचा युनचान लिम २०२२ मध्ये अठराव्या वर्षी क्लायबर्न स्पर्धा जिंकून एका रात्रीत जगाला माहीत झाला. त्या स्पर्धेचा तो सगळ्यात लहान विजेता. ओळखी नाहीत, घराणं नाही, शिफारस नाही, अशा मुलाला स्पर्धा दार उघडून देते, हेही तितकंच खरं. तिला नुसतं वाईट म्हणणं सोपं आहे, न्याय्य नाही.

आपल्याकडे

आपल्याला परीक्षेची परंपरा जास्त जवळची. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि संगीत शिकण्याला अभ्यासक्रमाची चौकट दिली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही नावं आपल्या कितीतरी घरांत पाठ आहेत. पियानोच्या आठ ग्रेडच्या परीक्षा मुलं देतात, त्या याच जातीच्या. परीक्षा विचारते, तुला हे आलं का? स्पर्धा विचारते, तुला शेजारच्यापेक्षा जास्त आलं का? प्रश्न दोन आहेत, हे मुलाला आधीच समजावून सांगावं.

आणि गोव्याचं उदाहरण तर आपल्या दारातलं. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलं स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकली. त्यांतलेच वादक पुढे मुंबईच्या सिनेसंगीताचा कणा झाले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली मोठी नावं. बक्षिसांच्या याद्यांत ही माणसं सापडत नाहीत. तरी त्यांच्या हातचं संगीत ऐकल्याशिवाय आपल्यापैकी कोणी मोठं झालेलं नाही.

मग काय करावं?

या सगळ्या इतिहासातून आम्हाला तीन साध्या गोष्टी दिसतात. एक, स्पर्धा मुलाला आधी ऐकायला द्या. मोठ्या स्पर्धांच्या फेऱ्या आता घरबसल्या पाहता येतात. शोपँचा एकच एत्यूद किंवा एकच माझुर्का तीन स्पर्धकांकडून ऐका. निकाल आधी बघू नका. कोणाचं का आवडलं, ते मुलाला वहीत लिहू द्या आणि मग निकाल बघा. परीक्षकांशी पटलं नाही तर फारच छान, कान तयार व्हायला लागला!

दोन, उतरायचंच असेल तर ज्या रचना मूल एरवीही आनंदाने वाजवेल, त्याच घेऊन उतरावं. सहा महिने एकच तुकडा घोटून बक्षीस मिळतं, पण त्या सहा महिन्यांत नवं वाचायचं राहून जातं.

आणि तीन, निकालाच्या दिवशी घरी आल्यावर पहिला प्रश्न ‘कितवा आलास?’ हा नसावा. ‘कोणाचं वाजवणं आवडलं?’ हा असावा. १९०५ मध्ये पॅरिसहून दुसरा येऊन परतलेल्या बार्टोकपाशी लिहिण्यासारखं खूप शिल्लक होतं. आपल्या मुलापाशीही ते शिल्लक राहिलं पाहिजे, एवढंच आपण बघायचं.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ, आणि आधी मुलांचे.